झाडछाटणीचा पाच दिवसांचा वर्ग: करवत हातात आली ती तिसऱ्या दिवशी

दोरावर चढून झाडाची फांदी सुरक्षितपणे कशी कापायची, हे शिकवणारा पाच दिवसांचा वर्ग नुकताच पूर्ण केला. जाण्याआधी त्याबद्दल वाचायला शोधत होते, तर मिळाले ते सगळे ‘खूप छान अनुभव, सर उत्तम शिकवतात’ एवढ्यावर संपणारे अभिप्राय. त्यातून काही कळेना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी पात्रता. मी हिशेबनीस आहे. एक शिडी आणि एक घडीची करवत एवढ्या भांडवलावर अकरा वर्षं घरची आणि शेजारपाजारची झाडं छाटत आले. तीन वर्षांपूर्वी मांडीएवढी जाड फांदी वरून कापायला घेतली. जेमतेम निम्म्यापर्यंत पोचले असेन, फांदी स्वतःच्या वजनानं मोडली आणि जाता जाता बुंध्यावरची हातभर साल सोलून घेऊन गेली. शिडीला धक्का बसला. मी पडले नाही, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. ती सोललेली जागा अजून दिसते, आणि तिच्यामुळेच नाव नोंदवलं.

पहिल्या दिवशी कुणाच्याही हातात करवत दिली नाही. आमच्यातले दोघं तरुण त्यावर कुरकुरले. मला मात्र सगळ्या वर्गातला तोच दिवस सर्वांत मोलाचा वाटला. सरांनी उभे चिरलेले ओंडके टेबलावर मांडून ठेवले होते. काहींत फांदी बुंध्याशी सपाट कापलेली, काहींत वीतभर खुंट सोडलेला, काहींत बरोबर जागी काप घेतलेला. नुसतं बघूनच निम्मं कळत होतं. सपाट कापलेल्या ओंडक्यात सड थेट बुंध्याच्या लाकडात घुसली होती. खुंटाच्या बाबतीत खुंट कुजला होता आणि त्याच्याभोवतीचं नवं लाकूड तोंड मिटायला धडपडत राहिलं होतं. बरोबर कापलेल्या जागी सड फांदीच्या मुळाशीच थांबलेली.

याचं कारण सांगताना सर ॲलेक्स शिगोवर आले. हा अमेरिकी वनखात्यातला शास्त्रज्ञ. त्यानं चेन सॉनं, म्हणजे साखळीच्या यंत्रकरवतीनं, हजारो झाडं उभी चिरून आत काय घडतं ते पाहिलं आणि १९७७ मध्ये झाडाच्या आत सड कशी अडवली जाते, याची चार भिंतींची मांडणी केली. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. बिघडलेला भाग झाड कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड चढवतं. वर-खाली जाणारी सड अडवणारी भिंत सगळ्यांत कच्ची, आणि जखमेनंतर जी नव्यानं उभी राहते ती सगळ्यांत पक्की. फांदी बुंध्याला मिळते तिथे खालच्या अंगाला जी फुगीर वळी दिसते, तिला कॉलर म्हणतात. ही वळी बुंध्याची, फांदीची नव्हे. ती कापली की झाडाची तिथली तटबंदीच आपण पाडतो. काप घ्यायचा तो तिच्या लगेच बाहेर. वरच्या बेचक्यात सालीची खरबरीत रेघ असते, तिलाही धक्का लावायचा नाही.

मी विचारलं, ‘सर, मग कापल्यावर रंग कोणता लावायचा?’ ते म्हणाले, ‘ताई, रंग झाडासाठी लावता की स्वतःच्या समाधानासाठी?’ अकरा वर्षांत मी किती डबे संपवले असतील, ते हिशेबनीस असूनही मोजायचं टाळलं. रंगानं सड थांबत नाही. उलट त्याच्या आड ओल धरून राहू शकते.

दुसरा दिवस दोर आणि गाठींचा. वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी हव्या त्या बेचक्यातून फेकायची आणि तिच्यामागून चढायचा दोर ओढून घ्यायचा. ऐकायला सोपं. माझी पिशवी सतराव्या फेकीला गेली. मग प्रुसिकची गाठ. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं ती १९३१ मध्ये मांडली. वजन आलं की दोराला घट्ट धरते, वजन काढलं की सरकते. झाडावर वापरली जाणारी ब्लेकची गाठ वेगळी, पण काम त्याच तत्त्वावर. हा भाग घाईत उरकला. बारा जणांना दोन शिक्षक, त्यामुळे माझी गाठ एकदाच तपासली गेली. ज्या गाठीवर जीव टांगायचा, तिला हे प्रमाण पुरत नाही.

तिसऱ्या दिवशी अखेर करवत. माझी फांदी का सोलली, याचं उत्तर इथे मिळालं. जड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून, साधारण एक तृतीयांश खोल. करवत अडकायला लागण्याआधी थांबायचं. दुसरा काप त्याच्या थोडा बाहेर, वरून, आरपार. फांदी मोडली तरी फाट खालच्या कापाशी येऊन थांबते, बुंध्यापर्यंत पोचत नाही. उरला हलका खुंट. तो हातानं धरून तिसऱ्या कापानं कॉलरच्या बाहेर काढायचा. माझ्याकडून पहिला काप राहिला होता, बस्स.

मग वजनाचा अंदाज. हे माझं क्षेत्र! ओलं लाकूड बऱ्याच जातींत घनमीटरला टनाच्या आसपास भरतं. ३० सेंटीमीटर जाडीची, ३ मीटर लांबीची फांदी घेतली तर २०० किलोंच्या पुढे, तेही पानं-डहाळ्या सोडून. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट. ‘एवढीशी फांदी, हातानं धरतो’ म्हणणारे वर्गातही होते. आकडा मांडल्यावर गप्प झाले.

शेंडा मारण्याबद्दल सर फार कडक बोलतात. मधूनच तोडलेल्या फांदीला भराभर धुमारे फुटतात, झाड हिरवंगार दिसतं, पण त्या धुमाऱ्यांची पकड वरवरच्या थरातच असते. पुढे ते जाड झाले की वाऱ्यात उतरतात. फांदी आखूड करायचीच तर तिच्या निदान एक तृतीयांश जाडीच्या बाजूच्या फांदीपाशी कापायची, आणि एका वर्षात जिवंत पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही.

चौथा दिवस जमिनीवर चेन सॉचा. साखळी ज्या पट्टीभोवती फिरते तिच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की यंत्र उसळी मारून थेट चेहऱ्याकडे येतं. हे सरांनी यंत्र बंद ठेवून इतक्या वेळा दाखवलं की रात्री स्वप्नात आलं. अंगठा दांड्याच्या खालून वळवायचा, यंत्र खांद्याच्या वर न्यायचं नाही. झाडावर करवत चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, कारण एक दोर स्वतःच्याच हातून कापला गेला तर दुसरा हवा. साखळीला धार लावणं मात्र शेवटच्या अर्ध्या तासात गुंडाळलं. बोथट साखळी जोर लावायला भाग पाडते, तिथेच घोळ होतो. हा विषय अर्ध्या दिवसाचा होता.

आता माझी खरी तक्रार. हार्नेस, म्हणजे दोराला अडकायला कमरेशी बांधायचे पट्टे, सगळे एकाच मापाचे, धिप्पाड पुरुषाच्या. माझ्या कमरेवर पट्टा शेवटच्या छिद्रापर्यंत ओढूनही वर सरकत होता. दोनदा सांगितलं. ‘आवळून घ्या ताई’ हेच उत्तर. पाचव्या दिवशी वर गेले ती जेमतेम चार मीटर, आणि लक्ष फांदीपेक्षा पट्ट्याकडेच. नोंदणीच्या वेळी कमरेचं माप विचारलं असतं तर एवढं झालं नसतं.

त्याच दिवशी सुटकेचा सराव होता. वर कुणी बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळत राहिलं, तर रक्त पायांत साठत जातं. त्यामुळे मदत येईपर्यंत वाट बघत बसणं परवडत नाही, वर चढू शकणारा दुसरा माणूस खाली तयारच हवा. सांगितलं उत्तम. पण प्रत्यक्षात एकानं करून दाखवलं आणि अकरा जणांनी पाहिलं.

तरीही जा म्हणेन. शिडीवरून छाटणी करणाऱ्यानं तर पहिल्या आणि तिसऱ्या दिवसासाठी नक्की जावं. दोरावर चढून काम करायचं असेल तर एवढ्या शिदोरीवर एकट्यानं वर जाऊ नये. प्रमाणपत्रावर ‘प्रशिक्षित’ असा शब्द छापून मिळतो, तो मला जरा जास्तच वाटला. मी आयोजकांना लिहिलं आहे की पुढच्या तुकडीत फक्त सुटकेच्या सरावाला येऊ द्या, हार्नेस माझा मी आणते. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथे भर घालेन.