ओडिन, ओदिन, वोडन की व्होटान? मराठीत लिहिताना कुठलं नाव घ्यायचं

वायकिंग लोकांच्या त्या एकाक्ष देवाबद्दल मराठीत काही लिहायला घेतलं, म्हणजे कथेचं भाषांतर असो, गेमचे सबटायटल असोत नाहीतर क्विझ, की पहिल्याच ओळीत गाडी अडते, कारण नावं चार दिसतात आणि चुकीचं त्यातलं एकही नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: गोष्ट कुठल्या लोकांची आहे ते बघा, नाव त्यावरून ठरतं, आणि एकाच लेखात दोन रूपांची खिचडी करू नका.

मूळ सगळ्यांचं एकच. भाषाशास्त्रवाले 'वोदनाझ' असं काहीतरी जुनं जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश वगैरे भाषांच्या कुळातलं) रूप मांडतात आणि त्याच्या मुळाशी वेड, उन्माद, आपल्याकडे अंगात येणं म्हणतात तसला अर्थ आहे. अकराव्या शतकात ब्रेमेनचा अ‍ॅडम नावाचा पाद्री लॅटिनमध्ये सरळ लिहून गेलाय की वोडन म्हणजे उन्माद. पुढे उत्तरेकडे झालं काय की ओ आणि उ च्या आधीचा व गळला, म्हणून इंग्रजीत वर्ड आणि जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे वायकिंग लोकांच्या भाषेत, 'ओर्द', इंग्रजीत वुल्फ आणि तिकडे 'उल्फ्र'. त्याच हिशोबाने वोडनचा झाला ओदिन. आणि हे गळणं तसं उशिराचं आहे बरं का, डेन्मार्कमध्ये विंडेलेव्हला 2020 साली सोन्याचा खजिना सापडला, त्यातल्या एका चकतीवरची रून अक्षरं 2023 मध्ये लागली, मजकूर 'तो ओडिनचा माणूस' असा, काळ पाचव्या शतकाचा, या देवाचा आत्तापर्यंतचा सगळ्यात जुना उल्लेख, आणि त्यात नावाच्या सुरुवातीला चक्क व आहे!

आता एकेक बघू. ओडिन हे आपल्याकडे इंग्रजीतून आलं, तो ड इंग्रजांचा. सुपरहिरो पिक्चर, गेम, बातम्या सगळीकडे हेच, वाचक सर्चही हेच करतो. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताय तर डोळे झाकून हे घ्या.

ओदिन मूळ उच्चाराच्या जास्त जवळचं. जुन्या नॉर्समध्ये मधलं अक्षर आहे 'ð', इंग्रजी 'द' या आर्टिकलमध्ये जो आवाज येतो साधारण तोच, म्हणजे आपला द च जवळ पडतो, ड नाही. एडा नावाच्या जुन्या आइसलँडिक ग्रंथांवरून किंवा तेराव्या शतकातला आइसलँडिक लेखक स्नोरी स्टुर्लुसन याच्यावरून थेट काम करणार असाल तर मला हेच आवडेल. फक्त शेवटी दोन न बघून 'ओदिन्न' करू नका, तो दुसरा न प्रथमेचा प्रत्यय आहे, षष्ठीत 'ओदिन्स' होतो, आपण आपलं ओदिनचा, ओदिनला म्हणायचं. एक भानगड मात्र आहे. हा नियम एकदा धरला की बाकीच्यांनाही लावावा लागतो आणि मग थॉरचा होतो 'थोर'. आता 'थोर रथातून निघाला' असं वाक्य मराठी माणसाने वाचलं तर तो विचारणार, थोर कोण? या एका कारणासाठी मी दोनदा विचार करेन.

वोडन हा इंग्लंडचा, म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांचा. तिथले राजे वंशावळीत याला पूर्वज म्हणून दाखवायचे, वेन्सबरीसारख्या गावाच्या नावात तो आहे आणि वेन्सडेमध्ये तर आहेच. विषय जुनं इंग्लंड असेल तरच वापरा.

व्होटान म्हणजे जर्मन, आणि खरं सांगायचं तर वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराचा. 1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला त्याचं चार ऑपेरांचं चक्र पहिल्यांदा पूर्ण सादर झालं, त्यातला मुख्य देव हा. लिहिताना व्ह घाला, नुसतं 'वोटन' लिहिलं की निवडणुकीचं काहीतरी वाटतं. आणि युजरनेम किंवा टॅटूसाठी हे रूप डोक्यात असेल तर थांबा, गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांनी याच नावाचा एक पंथ काढलाय, परदेशात राहणाऱ्याला उगाच प्रश्न विचारले जातील.

वाराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. रोमन लोकांचा बुधाचा वार जर्मॅनिक लोकांनी आपल्या देवाच्या नावाने केला, म्हणून इंग्रजीत वेन्सडे, डच वून्सडाख, स्वीडिशमध्ये ऊन्सडाग. जर्मनांनी मात्र मिटवॉख केलं, आठवड्याचा मधला दिवस, देवच काढून टाकला, आणि गंमत म्हणजे या सगळ्या कथा ज्यांनी जपल्या त्या आइसलँडनेही तेच केलं. आपलाही बुधवार त्याच ग्रहाचा. यावरून बरेच घोळ झालेत. विल्यम जोन्ससारखा संस्कृत शिकलेला इंग्रज विद्वान 1786 च्या कलकत्त्यातल्या भाषणात ओडिन आणि बुद्ध एकच असं म्हणून बसला, आणि भाषण कुठलं, तर संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं मूळ एक असावं हे ज्यात सांगितलं तेच. बुध वेगळा, बुद्ध वेगळा, ओडिन तर तिसराच. तेव्हा बुधवारवर लिहिताना 'ओडिन म्हणजे आपला बुध' असलं वाक्य टाकू नका, वाराची जागा सारखी आहे, देव नाही.

भाषांतर करत असाल तर अजून एक काम करा, सुरुवातीलाच एक छोटी टीप टाका की जुनं रूप अमुक, आम्ही तमुक वापरतोय. याला जुन्या काव्यांत दीडशेच्या वर उपनावं आहेत, ग्रिमनिर, हार, इग्ग्र वगैरे, ती कथेत मध्येच येतात आणि वाचकाला वाटतं नवीन पात्र आलं. तिथे कंसात ओडिन लिहून मोकळं व्हा.