हेक-रास: पुलाच्या खांबाजवळचा स्कावर काढण्यासाठी कित्येक महिने वापरल्यावर

फुकट आहे, हे आधी सांगतो. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांचं हे सॉफ्टवेअर कुणालाही उतरवून घेता येतं. दुधना, मांजरा, गोदावरीवरच्या पुलांसाठी पूरपातळी आणि फुगवटा (पुलाच्या अडथळ्याने वर चढणारं पाणी) काढायला मी ते वापरतो. तिथे तक्रार नाही. पाचपैकी साडेचार.

स्कावरला, म्हणजे प्रवाहाने खांबाच्या बुडाशी पडणाऱ्या खड्ड्याच्या हिशेबाला, तीन. पुलाची माहिती आधीच भरलेली असते, त्यामुळे खांबाची रुंदी, खोली, वेग आपसूक येतात. खांबाच्या नाकाचा (प्रवाहाकडच्या टोकाचा) आकार आणि प्रवाहाचा कोन दिला की सीएसयू (कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी) सूत्राने खड्ड्याची खोली हजर. इतकं सोपं, की शंकाच येत नाही. पाणी ५ मीटर खोल, वेग सेकंदाला २.४ मीटर, गोल नाकाचा दीड मीटरचा खांब: खड्डा साधारण ३.२ मीटर. तोच प्रवाह आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) लेसी सूत्रात घाला, सिल्ट फॅक्टर (तळाच्या कणांच्या जाडीचा आकडा) १ धरून, तर खांबापाशी दुप्पट करून १४ मीटर! दचकू नका, लेसीची खोली पूरपातळीपासून मोजतात, सीएसयूची तळापासून. तरी तळाखाली ९ विरुद्ध ३.२ उरतातच.

आपल्याकडे मुख्य घोळ तळाचा. दोन्ही हिशेब मुळात सुट्या वाळूच्या पात्राचे, आणि मराठवाड्यात वर काळी माती, खाली मुरूम, मग बेसॉल्ट. कठीण खडक चार मीटरवर लागला तर ९ मीटरच्या खड्ड्याला अर्थ काय? सूत्राला खडक दिसत नाही, म्हणून बोअरचा तक्ता (किती खोलीवर कोणता थर लागला, त्याची नोंद) शेजारी ठेवूनच आकडा वाचावा. (मुरमाला खडक धरणारे महाभाग आहेत. त्यांना दंडवत.) वाळूउपशाने पात्र खाली गेलं असेल, तर तेही आपणच हाताने मिळवायचं.

मग हा स्कावरचा हिशेब ठेवलाय कशाला? कचऱ्यासाठी. पुराबरोबर वेड्या बाभळी, पऱ्हाट्या, जलपर्णी वाहत येऊन खांबाला अडकतात. सॉफ्टवेअरच्या स्कावरच्या खिडकीत खांबाची दीडची रुंदी तीन मीटर केली की ३.२ चा खड्डा ५ वर जातो. लेसीत हे तपासताच येत नाही, त्यात खांबाची रुंदीच नाही. मंजुरीला आयआरसीचा हिशेब जोडतो, पण जुन्या, अरुंद गाळ्यांच्या (दोन खांबांमधलं अंतर कमी असलेल्या) पुलावर आधी ही रुंदी वाढवून बघतो.

निकाल पडताळायला उन्हाळ्यात पात्रात सळई खुपसत बसू नका. पूर ओसरताना खड्डा गाळाने भरून येतो. मोजायचं तर पाणी चढलेलं असतानाच.