स्वस्त वाइनच्या चार बाटल्या: दोन लाल, दोन पांढऱ्या

कमी पैशांत वाइन निवडताना द्राक्षाच्या जातीआधी ती बाटली स्वस्त का आहे, हे पाहावे. जेथे द्राक्ष मुबलक पिकते, हवा कोरडी असल्याने रोग कमी पडतो किंवा वाइन ओकच्या पिंपात मुरवण्याची गरजच नसते, तेथील स्वस्त बाटलीत फारशी फसगत होत नाही. बर्गंडीसारख्या महागड्या प्रदेशाचे नाव लावलेली अगदी स्वस्त बाटली मात्र बहुतेक वेळा पाणचट निघते. या कसोटीला उतरणाऱ्या चार वाइन मी युरोपातील माझ्या घरी, रोजच्या मराठी जेवणाबरोबर चाखल्या. भारतात आयात शुल्कामुळे त्या स्वस्त राहत नाहीत, त्यामुळे हा आढावा प्रामुख्याने परदेशस्थ वाचकांना उपयोगी पडेल.

लाल वाइनमध्ये खरी निवड अर्जेंटिनाची मालबेक आणि चिलीची कार्मेनेर यांच्यात करावी लागते. दोन्ही द्राक्षे मूळची फ्रान्सची, आणि आता अँडीज पर्वताच्या दोन बाजूंना स्थायिक झालेली. मालबेक 1853 च्या सुमारास मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने अर्जेंटिनात नेली, आणि मेंडोझाच्या कोरड्या, उंच पठारावर, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर ती अशी रुजली की आज तिचे नाव फ्रान्सपेक्षा अर्जेंटिनाशीच अधिक जोडले जाते. मी घेतलेली बाटली गडद जांभळी होती. पहिल्याच घोटात पिकलेले आलुबुखार आणि जांभूळ यांची आठवण झाली, आणि जांभळानंतर जिभेवर राहतो तितपतच तुरटपणा मागे राहिला. ही वाइन कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. दोष एकच, मद्यांश 14 टक्के असल्याने तिखट मटणाच्या रश्शाबरोबर घशाची जळजळ वाढली. कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर मात्र ती उत्तम जमली.

कार्मेनेरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. चिलीतील शेतकरी कित्येक दशके तिला मेर्लो ही लाल वाइनच्या द्राक्षाची दुसरी जात समजूनच लावत होते, आणि 1994 मध्ये जाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने मळ्यात वेलींची पाने निरखून तिची ओळख पटवली. हा केवळ इतिहासाचा तपशील नाही, कारण कार्मेनेर मेर्लोनंतर काही आठवड्यांनी पिकते, आणि मेर्लोबरोबर लवकर खुडली की तिच्यातील हिरवा वास तसाच उरतो. स्वस्त बाटलीत तो आजही भेटतो. माझ्या बाटलीचे बूच काढताच, ढोबळी मिरची देठाजवळ चिरताना येतो, अगदी तोच वास आला आणि घरातील एकाने पेला तेथेच बाजूला ठेवला. अर्ध्या तासाने तो वास ओसरला, खालून काळी मिरी आणि काळसर बोरांसारख्या फळांची चव वर आली, आणि पीठ पेरून केलेल्या ढोबळी मिरचीच्या भाजीबरोबर ती मालबेकपेक्षा सरस ठरली. पाहुण्यांसाठी मालबेक घ्यावी. कार्मेनेर स्वतःसाठी, तीही आधी उघडून ठेवण्याची सवड असेल तरच.

पांढऱ्यांपैकी पोर्तुगालच्या पावसाळी वायव्य भागातील विन्यो व्हेर्देबद्दल थोडक्यात सांगता येते. लिंबासारखी आंबट, जिभेला किंचित चुणचुणणारी आणि साधारण 10 टक्के मद्यांशाची ही वाइन थंडगार करून तळलेल्या माशांबरोबर प्यावी. ती ताजेपणीच प्यायची असते, म्हणून लेबलावरचे वर्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये. एका दुकानातून मी खिडकीच्या उन्हात ठेवलेली, तीन वर्षांपूर्वीची बाटली घेतली होती. तिच्यात ना चुणचुण उरली होती, ना आंबटपणा.

दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ ही चौघींतील माझी पसंती. तेथे हे द्राक्ष 'स्टीन' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या लावले गेले आणि बराच काळ ब्रँडीसाठी वापरले गेले, त्यामुळे आजही त्याची लागवड तेथे सर्वाधिक आहे, आणि साध्या किमतीच्या बाटलीलाही चांगला कस असतो. पेरू आणि पिवळे सफरचंद यांचा वास, थोडी मधाची छटा, आणि तरीही आंबटपणाचा कणा शाबूत. अळूवडी, कोलंबीची आमटी, इतकेच काय, साधा वरणभात-तूपही तिने सांभाळून घेतले. नाशिकमध्येही शेनिन ब्लाँ पिकते, पण तेथील ज्या बाटल्या मी चाखल्या त्या अधिक गोडसर होत्या. ज्यांना ती चव परिचित आहे, त्यांनी आफ्रिकेची बाटली घेताना गोडव्याची अपेक्षा ठेवू नये. उरलेली अर्धी बाटली झाकून फ्रिजमध्ये ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिचा मधाचा वास अधिकच खुलला होता, तर विन्यो व्हेर्दे तोवर निव्वळ लिंबूपाणी झाली होती.