कॅमेरा की माती? स्वतःचं काही मांडायचं असेल तर वेळ कुठे घालावा

नोकरी आहे, शनिवार-रविवार हाताशी आहेत, थोडे पैसे बाजूला टाकलेत आणि आता स्वतःचं काहीतरी करायचंय, अशा टप्प्यावरची बरीच मंडळी विचारतात की सिरियसली फोटोग्राफी करू का शिल्पकला शिकू. लग्नाचे फोटो किंवा पुतळ्यांच्या ऑर्डरी हा इथला विषय नाही, त्याचं गणित वेगळं असतं. मनात जे साचलंय ते बाहेर काढायला कुठलं माध्यम जास्त साथ देतं, एवढंच बघूया. माझं मत आधीच सांगून टाकते: कुठल्याही एका बाजूची जबरदस्त ओढ नसेल तर आधी मातीत हात घाला. फोटोग्राफीत सुरुवात फार सोपी आणि स्वतःची नजर सापडायला फार वेळ लागतो. शिल्पात पहिले कित्येक महिने नुसती झटापट, पण जे काही होतं त्यात तुमचा हात पहिल्या दिवसापासून दिसतो.

सगळ्यात मोठा फरक असा की फोटोला आधी समोर काहीतरी असावं लागतं. माणूस, रस्ता, भिंतीवरचं ऊन, काहीही, पण ते तुमच्याशिवाय तिथे असतंच आणि तुम्ही फक्त ठरवता की कुठे उभं राहायचं, काय फ्रेममध्ये घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं. हे 'फक्त' म्हणजे कमी नाही. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं जे काम केलंय ते बघा, गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, त्याची खोली, त्याचं घर. ते फोटो ओलवेंचे आहेत यात शंकाच नाही, पण त्या कामगारांनी त्यांना जवळ येऊ दिलं नसतं तर ते झालेच नसते. म्हणजे फोटोतल्या अभिव्यक्तीत समोरच्याचा वाटा असतोच, त्याची परवानगी, त्याचा विश्वास, त्याचा त्या दिवशीचा मूड. ज्याला माणसांत मिसळायला आवडतं, अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत बोलणं सुरू करता येतं, त्याला हे वरदान आहे. ज्याला आतल्या आत काहीतरी डाचतंय आणि ते बाहेर कुठे दिसतच नाही, त्याने काय करायचं?

तिथे शिल्प कामाला येतं, कारण तिथे समोर काहीच नसतं. मृणालिनी मुखर्जींचं उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. त्या मुंबईत जन्मल्या, १९४९ साली, नंतर दिल्लीत राहून काम केलं, आणि त्यांचं माध्यम काय तर रंगवलेली जाड सुतळीसारखी दोरी. आधी स्केच नाही, मॉडेल नाही, हाताने गाठीवर गाठ मारत मारत माणसापेक्षा उंच आकृत्या उभ्या केल्या, ज्या थोड्या देवीसारख्या, थोड्या फुलासारख्या, थोड्या शरीरासारख्या दिसतात आणि नक्की काय आहेत ते सांगता येत नाही. अशी गोष्ट जगात आधी नव्हती, त्यामुळे तिचा फोटो कुणी काढूच शकलं नसतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या तेव्हाच्या मेट ब्रॉयर या शाखेत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, पण तोपर्यंत त्या नव्हत्या, २०१५ मध्येच गेल्या. आणि लक्षात घ्या, त्यासाठी संगमरवर नको, फाउंड्री म्हणजे धातू ओतायचा कारखाना नको, दोरी आणि बोटं आणि प्रचंड धीर एवढंच लागलं. शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकातला अश्वारूढ पुतळाच येतो, तो आधी डोक्यातून काढून टाका, मगच तुलना नीट होईल.

आता फोटोग्राफीत नजर सापडायला वेळ का लागतो ते बोलू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, एक्सपोजर म्हणजे उजेड किती घ्यायचा ते तोच बघतो, फोकस तोच बघतो, आणि फोटो साधारण बरा निघतो. त्यामुळे पहिल्याच महिन्यात आपल्याला जमतंय असं वाटतं, लाइक्स येतात, सूर्यास्त होतो, पावसाळ्यातली मरीन ड्राइव्ह होते, वारी होते, आणि मग दोन वर्षांनी सगळे फोटो एकत्र लावून बघितले की कळतं, हे कुणीही काढले असते. यात तुमचं काही चुकलेलं नसतं, एकेक फोटो सुटा असला की काढणाऱ्याबद्दल तो फार कमी सांगतो. सांगतो तो फोटोंचा संच, कुठला कुठल्याच्या शेजारी ठेवला ते, काय गाळलं ते. दयानिता सिंग यांचं काम यासाठी बघावं. मोना अहमद या दिल्लीतल्या हिजडा व्यक्तीला त्या १९८९ मध्ये भेटल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्यांची मैत्री आणि फोटो दोन्ही चालू राहिले. नंतर तर त्यांनी फोटो भिंतीवर टांगणंच कमी केलं, लाकडी घडीच्या मांडण्या बनवल्या, त्यातले फोटो काढता-घालता येतात, मांडणी हलवता येते, आणि त्यालाच त्या म्युझियम म्हणतात. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लॅड हा फोटोग्राफीतला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला यातून घेण्यासारखं हे वाटतं की त्यांची खरी ओळख शटर दाबण्याइतकीच निवडण्यात आणि लावण्यात आहे, आणि हे निवडणं शिकायला कुठलाही शॉर्टकट नाही, हजारो फोटो काढून त्यातले शेकड्याने टाकून द्यावे लागतात. ज्याला स्वतःचा चांगला दिसणारा फोटो कठोरपणे बाजूला करता येत नाही त्याला फोटोग्राफीत वैयक्तिक काही सापडणं अवघड जातं असं मी बघितलंय.

मातीत हे उलटं होतं. एकाच माणसाचं डोकं दहा जणांनी केलं तर दहाही वेगळी होतात, अगदी नवशिक्यांची सुद्धा, कारण अंगठा कसा दाबला, गालाचं हाड कुठे जरा जास्त झालं, कुणी पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला, कुणी गोळे तसेच ठेवले, हे सगळं राहतं. चेहरा जुळत नाही म्हणून शिकणारे नाराज होतात, पण वैयक्तिक अभिव्यक्ती हवी असेल तर त्या न जुळण्यातच बरंच काही असतं.

फक्त त्याआधीची मेहनत समजून घ्या. मातीचं डोकं नुसतं उभं राहत नाही, आत आर्मेचर म्हणजे आधाराचा सांगाडा लागतो, लाकडी पाटावर लोखंडी रॉड, त्यावर तार, आणि मातीला पकड मिळावी म्हणून तारेला लाकडाचे छोटे क्रॉस लटकवतात, त्यांना बटरफ्लाय म्हणतात. आर्मेचर चुकलं की मान चुकली, आणि हे कळतं तेव्हा नाक-डोळे करून झालेले असतात. रोज काम संपलं की ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक, एक आठवडा टूरवर गेलात आणि घरच्यांनी पाणी मारलं नाही की माती आकसते आणि भेगा पडतात. मग प्लास्टरचा साचा. वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, केला तर पहिल्या थरात मुद्दाम थोडा रंग घालतात, म्हणजे नंतर छिन्नीने साचा फोडताना रंग दिसला की कळतं, आता आपलं काम जवळ आलंय, हात हलका करा. यात मातीचं मूळ काम जातंच, साचाही जातो, उरतं ते एकच प्लास्टरचं कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली प्रत. ब्राँझमध्ये करायचं तर पुढे मेणाची प्रत, तिच्याभोवती साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, आणि हे घरी होत नाही, फाउंड्रीत जावं लागतं आणि खर्चही तसाच येतो.

चुकीचा हिशोबही वेगळा आहे बघा. फोटोत क्षण गेला की गेला, पण पुढचा फोटो फुकट असतो. मातीत काहीच निसटत नाही, कान उद्याही तिथेच असतो, तो पुन्हा करता येतो, पण दर वेळी तास जातात. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त मानवतो, कारण विचार बदलायला जागा मिळते, सोमवारी रागाने दाबलेला ओठ शनिवारी शांतपणे बघता येतो. चटकन प्रतिक्रिया देणारा स्वभाव असेल तर मात्र कॅमेराच बरा, ती तत्परता मातीत वाया जाईल.

जागा आणि पैसा. फोटोग्राफीला जागा लागत नाही, सेकंडहँड बॉडी आणि एक पन्नास एमएमची लेन्स घेतली तरी वर्षानुवर्षं पुरते, खर्च येतो तो नंतर, प्रिंटमध्ये. चांगल्या कॉटन पेपरवर पिगमेंट इंकचे मोठे प्रिंट आणि फ्रेमिंग, हे प्रदर्शनापुरतं केलं तरी कॅमेऱ्याच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतं. शिल्पात माती स्वस्त, शाडू तर गणपतीच्या कारखान्यांना माल देणाऱ्यांकडे गोणीने मिळतो, पण जागेचं काय? लाइफ साइझ डोकं खांद्यापर्यंत केलं तर सहज वीस-पंचवीस किलो, ते वन बीएचकेत ठेवायचं कुठे, त्यात प्लास्टरची धूळ, आणि फायबरमध्ये कास्ट करायचं म्हटलं तर रेझिनचा वास, ते काम बंद खोलीत अजिबात करू नका, मास्क आणि मोकळी हवा लागतेच. दगडाची धूळ तर फुप्फुसाला कायमचं नुकसान करते. मुंबई-पुण्यात राहत असाल तर एखाद्या शिल्पकाराच्या स्टुडिओत वीकेंडला जागा मिळतेय का ते बघा, त्याशिवाय मोठं काम जमत नाही. छोटं मात्र जमतं, वीतभर उंचीची आकृती टेबलावर होते आणि तीही शिल्पच असते.

जागेचा आणि सामानाचा विषय निघालाय तर अलिबाग-रेवस रस्त्यावरचं सासवणे गाव नक्की बघा. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, ब्राँझचा, पण सासवण्याला त्यांनी गावातली माणसं, कोळणी, जनावरं सिमेंटमध्ये केलीत. ऑर्डरचं काम आणि मनाचं काम यात काय फरक असतो ते तिथे इतकं स्वच्छ दिसतं की कुठल्याही वर्गात शिकवता येणार नाही. सिमेंट, म्हणजे बिल्डिंगचं सामान, आणि त्यात त्वचेचा मऊपणा आणलाय. महागडं मटेरियल नाही म्हणून थांबलेल्या प्रत्येकाने ते बघावं.

लोकांपर्यंत पोचण्यात फोटो खूपच पुढे आहे, इथे तुलना करण्यासारखं फार नाही. नागपूरचा फोटो मिनिटात न्यू जर्सीतल्या मावशीपर्यंत जातो. शिल्पाभोवती फिरावं लागतं, आणि शिल्पाचा फोटो टाकला तर लोक एका बाजूने, एका उजेडात बघतात आणि पुढे सरकतात. ब्रांकुशी या आधुनिक शिल्पकाराला हे इतकं खटकायचं की तो आपल्या शिल्पांचे फोटो स्वतःच काढायचा. त्यामुळे शिल्प निवडलंत तरी उजेड समजण्यापुरती फोटोग्राफी शिकावीच लागेल.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे हक्क. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक तो पैसे देणारा. या कलमात फोटो आहे, चित्र आहे, शिल्पाचं नाव नाही. म्हणजे फोटोग्राफरने ऑर्डरचं काम घेताना कागद करूनच घ्यायला हवा. उलट शिल्प सार्वजनिक जागी कायमचं लागलं की त्याचा फोटो काढायला आणि छापायला कुणालाही मोकळीक आहे. आणि शिल्पाचा धोका वेगळाच, ते हलवलं जातं, मोडलं जातं. शिल्पकार अमरनाथ सहगलांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं ब्राँझ म्युरल, म्हणजे भित्तिशिल्प, १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्याचे तुकडे झाले, ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तुकडे परत द्यायला सांगितले, वर पाच लाख भरपाई. निकाल कलाकाराच्या बाजूने लागला हे फार महत्त्वाचं, पण शिल्प पूर्ववत झालं नाही. फोटोची निगेटिव्ह किंवा फाइल शाबूत असली की काम पुन्हा छापता येतं, हा दिलासा शिल्पकाराला नाही.

बारावीनंतर पूर्ण वेळ शिकायचं असेल तर शिल्पासाठी मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आहेच, फोटोग्राफी अप्लाइड आर्टच्या (उपयोजित कलेच्या) अंगाने शिकता येते, आणि पदवीनंतर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचा कोर्स आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी मात्र कोर्सपेक्षा बघणं आणि करणं जास्त उपयोगी. एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट), भाऊ दाजी लाड संग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी, जमेल तसं जात राहा.

आणि कायमची एकच बाजू घ्यायला हवी असंही नाही. शिल्पा गुप्ता जे. जे.ला शिल्पकला शिकल्या, पण पुढे फोटो, आवाज, मजकूर, माइक, काय काय वापरलं. तुरुंगात टाकलेल्या शंभर कवींवरचं त्यांचं काम आहे, लोखंडी सळ्यांवर टोचलेले कवितांचे कागद आणि वर टांगलेले शंभर माइक, त्यातून त्या कविता ऐकू येतात. यात कॅमेरा नाही, घडवलेला चेहरा नाही, तरी जागा, वजन आणि शरीर यांची जाण शिल्पकाराचीच आहे. म्हणूनही मी माती आधी म्हणते, ती जाण नंतर कुठेही कामाला येते.

ज्यांना तरीही ठरत नाहीये त्यांनी घरातलंच एक माणूस घ्यावं, आई, आजोबा, कुणीही. महिनाभर त्यांचे रोज फोटो काढा आणि त्यातले दहाच ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच माणसाचं वीतभर डोकं शाडूत करा, फोटो बघून नाही, त्यांना समोर बसवून. मग कुठल्या महिन्यात त्या माणसाबद्दल तुम्हाला आधी माहीत नसलेलं काही कळलं ते बघा, आणि पैसे तिकडे घाला.