सोने आणि रुपे : स्लाव्ह भाषांतील दोन शब्द

स्लाव्ह भाषांची घडण समजून घ्यायची तर सोन्याचा शब्द घ्यावा की चांदीचा? ध्वनिबदल पाहायचे असतील तर सोन्याला तोड नाही. रशियनमध्ये झोलोतो, पोलिशमध्ये झ्वोतो, चेक, सर्बियन व बल्गेरियनमध्ये झ्लातो. एकाच प्राचीन रूपाच्या या तीन वाटा असून रशियनने व्यंजनांच्या मध्ये जादा स्वर घातला, तर इतरांनी स्वर पुढे सरकवला. या शब्दाच्या मुळाचा अर्थ पिवळेपणा किंवा चकाकी. जर्मन ‘गोल्ड’, संस्कृत ‘हिरण्य’ आणि फारसी ‘झर’ हे त्याच कुळातले. पैठणीच्या पदरावरची जर आपण बोटांनी चाचपतो, तेव्हा फारसीतून आलेला हाच शब्द आपल्या तोंडी असतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

शेजाऱ्यांशी असलेले नाते शोधायचे असेल, तर मात्र चांदी अधिक बोलकी आहे. सोन्याबाबत लॅटव्हियन ‘झेल्त्स’ स्लाव्हांच्या जवळ राहते, पण लिथुआनियन ‘आउक्सास’ लॅटिन ‘आउरुम’कडे वळते. चांदीत रशियन ‘सेरेब्रो’, पोलिश ‘स्रेब्रो’, लिथुआनियन ‘सिदाब्रास’ आणि जर्मन ‘झिल्बर’ एका ओळीत बसतात, आणि संस्कृत ‘रजत’ व लॅटिन ‘आर्गेंतुम’ यांची जोडी वेगळी पडते. उत्तरेकडचा हा शब्द नियमित ध्वनिबदलांत बसत नाही, म्हणून तो परक्या भाषेतून, बहुधा व्यापाराबरोबर, आला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नवशिक्याने सोन्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. चांदीचे कोडे त्यानंतरच उमगते.