ट्यूबरस स्क्लेरोसिस आणि फुप्फुसे : पुण्यातील एका ओपीडीविषयी अभिप्राय

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदूसह अनेक अवयवांत कर्करोग नसलेल्या गाठी निर्माण करणारा जनुकीय आजार. घरात सगळे लक्ष फिट्सकडे असे. फुप्फुसांचा विचार कोणी केला नव्हता. जिना चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा एका ठिकाणी दमा ठरवून इनहेलर देण्यात आला. त्यानंतर ज्या खासगी रुग्णालयाच्या छातीविकार ओपीडीत आम्ही गेलो, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

येथील डॉक्टर जुनी फाइल पहिल्या पानापासून वाचतात. आजाराचे नाव दिसताच त्यांनी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन सांगितला, कारण हा आजार असलेल्या प्रौढ स्त्रियांमध्ये लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस, म्हणजेच ‘लॅम’, हा फुप्फुसांत पोकळ्या निर्माण करणारा विकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. लक्षणे नसली तरी वयाच्या 18 वर्षांनंतर ही तपासणी एकदा करून घ्यावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या, पातळ भिंतीच्या गोल काळ्या पोकळ्या त्यांनी आम्हाला स्क्रीनवर दाखवल्या. अशी पोकळी फुटली तर छातीत हवा साठून फुप्फुस आकसते, म्हणून अचानक छातीत दुखून दम लागल्यास थेट इमर्जन्सीत यावे, हे त्यांनी केसपेपरवर चक्क मराठीत लिहून दिले. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळण्याचा विषयही त्यांनीच काढला, जो आमच्याकडून कधीच निघाला नसता.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करणाऱ्या बाईंचे विशेष कौतुक करायला हवे. बहिणीला सूचना उशिरा उमगतात, हे ओळखून त्यांनी आधी स्वतः नळीत फुंकून दाखवले आणि मगच ‘अजून, अजून, सोडू नका’ सुरू केले.

उपचार म्हणून सिरोलिमस सुरू झाले. फुप्फुसांच्या क्षमतेची घसरण ते थोपवते, मात्र बंद केल्यास घसरण पुन्हा सुरू होते, हे आधीच स्पष्ट करण्यात आले. कार्बामाझेपिनसारख्या फिट्सच्या गोळ्यांमुळे या औषधाची रक्तातील पातळी खाली जाते, म्हणून डॉक्टरांनी आमच्यासमोरच तिच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. सेवा म्हणजे काय, ते मला तेथे दिसले.

तक्रार एकच, पण किरकोळ नाही. सिरोलिमसची पातळी मोजण्यासाठी रक्त बाहेरच्या लॅबमध्ये जाते, रिपोर्ट रखडतो आणि डोस त्यावरच ठरत असल्याने पुढची भेट अनेकदा वाया जाते. काउंटरवर मात्र याची कल्पना कोणी देत नाही. रिपोर्ट आल्याची फोनवर खात्री करूनच निघावे. जाताना जुन्या सीटीचा केवळ कागदी रिपोर्ट न नेता सीडीही न्यावी, कारण येथे प्रतिमा डॉक्टर स्वतः पाहतात.