भिंतीचा रंग ठरवताना: शेडकार्ड, भिंतीवरचा पट्टा की घरी रंगवलेलं मोठं कार्ड?

10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट. दारं-खिडक्या वगळल्या की जवळपास 380 चौरस फूट भिंत उरते. एका हाताला, म्हणजे रंगाच्या एका थराला, लिटरमागे 120 ते 140 चौरस फूट धरले, तर दोन हातांना सहा लिटरच्या आसपास इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) लागतं. मशीनवर शेड टाकलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे चूक करायचीच तर ती 50-60 मिलीवर करावी, सहा लिटरवर नको. नमुना बघण्याचे तीन मार्ग सगळ्यांच्या हाताशी आहेत. चौथा मोबाइलचा, त्याबद्दल थोडंसंच पुढे येईल.

शेडकार्ड: नकार द्यायला उत्तम, होकार द्यायला अपुरं

नागपुरातलं दुकान इतवारीतलं असो की प्रतापनगरातलं, काउंटरवर दोन प्रकारची कार्डं असतात. एक घडीचं पत्रक, ज्यावरचे रंग बहुधा छापील शाईचे. दुसरा पंख्यासारखा उघडणारा जाड गठ्ठा, त्यावरच्या पट्ट्या रंगाच्या लेपाच्या असतात आणि म्हणून जास्त भरवशाच्या. निवड करायची तर गठ्ठ्यावरून करा.

शेडकार्डाची अडचण आकाराची आहे. काडेपेटीएवढा चौकोन पांढऱ्या कागदावर असतो आणि शेजारी त्याचेच भाऊबंद. डोळा रंग एकटा बघत नाही, शेजाऱ्यासोबत बघतो. पांढऱ्याच्या कडेला तोच रंग गडद दिसतो, गडदाच्या कडेला फिका. शिवाय खोलीत चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि प्रत्येक फेरीत रंग आणखी चढतो. चौकोनात सौम्य वाटलेला पिवळा बैठकीत भडक होतो, तो यामुळेच.

तरी शेडकार्डाचा एक उपयोग दुसऱ्या कशानेच होत नाही: झाक ओळखणं. ऑफ-व्हाइट शेड एकेकट्या पाहिल्या तर सगळ्या सारख्याच. ज्या पट्टीवर ती शेड आहे, त्याच पट्टीवरचा सर्वांत गडद रंग बघा. तो मातकट असेल तर फिक्यातही मातकट झाक आहे, गुलाबी असेल तर गुलाबी. 'क्रीम' म्हणून घेतलेला रंग संध्याकाळी गुलाबी दिसला, ही तक्रार इथेच टळते. पट्टीजवळ साधा झेरॉक्सचा कोरा कागद धरला की झाक आणखी स्पष्ट होते. पन्नासांतून तीन-चार शेड निवडण्यापुरतं शेडकार्ड वापरा आणि तिथेच थांबा.

भिंतीवरचा पट्टा: पृष्ठभाग खरा, शेजार खोटा

पेंटरला हीच रीत आवडते, कारण त्याला वेगळं काही आणावं लागत नाही. फायदाही खरा आहे. भिंतीची पुट्टी, तिची खडबड, रोलरची दाणेदार खूण, सगळं दिसतं.

पण जुनी भिंत पिवळी असेल, तर तिच्यावरचा राखाडी पट्टा निळसर दिसतो. भिंत पूर्ण रंगली की तो निळेपणा निघून जातो आणि लोक म्हणतात शेड चुकली. नुसत्या पुट्टीवर पट्टा मारला तर पुट्टी रंग शोषून घेते, चमक मरते, शेड खडूसारखी कोरडी दिसते. तिसरी गोष्ट कडेची. मास्किंग टेप लावून सरळ चौकोन काढला की टेपच्या काठाशी रंगाची धार साचते. वरून दोन हात दिले तरी तिरप्या उजेडात तो चौकोन उमटतो.

म्हणून पट्टा मारायचाच असेल तर आधी 3 बाय 3 फुटांत प्रायमर (रंगाआधी द्यायचा पांढरा थर), त्यात मधोमध 2 बाय 2 फुटांत रंगाचे दोन हात, रोलरने, कडा कोरड्या रोलरने पसरवून. चारही बाजूंना अर्धा फूट पांढरं राहतं, ते जुन्या रंगापासून डोळ्याला वाचवतं. दोन शेडचे पट्टे चिकटून मारू नका. शेवटचा रंग देण्याआधी कडा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. मुख्य मर्यादा मात्र राहतेच: पट्टा जागचा हलत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर जे दिसलं, ते खिडकीच्या भिंतीवर दिसेलच असं नाही.

घरी रंगवलेलं कार्ड

घराच्या आतल्या रंगासाठी आमचा कौल याला आहे. कार्ड उचलता येतं, कोपऱ्यात धरता येतं, सोफ्यामागे, पडद्याशेजारी, ट्यूबखाली नेता येतं.

कागद कोणता, यावर निम्मं काम अवलंबून आहे. साधी ड्रॉइंग शीट पाणी पिऊन फुगते आणि नळीसारखी वळते. सनबोर्ड सपाट राहतो, पण प्लास्टिक असल्यामुळे रंग नखाने सुटतो. बर्डीवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत फोटो फ्रेमिंगसाठीचा माउंट बोर्ड मिळतो, तो सर्वांत सोयीचा. तो नसेल तर 300 जीएसएमची कार्डशीट. आकार ए2, म्हणजे 42 बाय 59 सेंटिमीटर. ए4 पुरत नाही, शेडकार्डाचीच चूक थोड्या मोठ्या मापात होते.

ए2 चं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. दोन हातांना साधारण 40 ते 45 मिली रंग लागतो, रोलर पितो ते वेगळं. प्रत्येक शेडमागे 100 मिली हाताशी असले की भागतं. दुकानात छोटा सॅम्पल डबा मिळतो का ते आधी विचारा. नाहीतर 1 लिटर घ्यावा लागेल. उरलेला रंग माळ्याच्या आतून लावायला उपयोगी पडतो.

एक गोष्ट टाळाच: स्टेनरच्या (रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याच्या) बाटलीतून थेंब घालून घरच्या घरी शेड जुळवणं. कार्डावर सुंदर जमेल, पण सहा लिटरमध्ये तीच शेड पुन्हा कुणालाही साधणार नाही. नमुना त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा आणि त्याच चमकीचा हवा. शेडचा एकच कोड बिनचमकीच्या मॅटमध्ये वेगळा दिसतो, हलक्या चमकीच्या सॅटिनमध्ये वेगळा.

कृती अशी. बोर्डाच्या मागच्या बाजूला प्रायमरचा एक हात द्या. ओला रंग एकाच बाजूला लागला की त्या बाजूचे तंतू आधी फुगतात आणि वाळताना आकसून बोर्ड ओढतात. मागे हात दिला की दोन्हीकडून सारखीच ओढ बसते. मागची बाजू वाळली की पुढे प्रायमर. भिंतीला जो लागणार आहे तोच पांढरा वॉटर-बेस प्रायमर. चार तासांनी 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा.

डबा तळापासून काठीने दोन-तीन मिनिटं ढवळा. वरवरचा रंग ओतून घेतला तर शेड फिकी येते आणि दोष शेडला जातो. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. ते मोजायला औषधाच्या बाटलीचं 10 मिलीच्या खुणेचं टोपण चालतं. पेंटर किती पाणी घालणार तेही विचारा आणि त्याला तेवढंच घालायला लावा, नाहीतर कार्ड आणि भिंत वेगळी निघेल. ब्रश नको, 4 इंची रोलर घ्या. नव्या रोलरचे तंतू सुटतात, म्हणून आधी त्यावर मास्किंग टेप गुंडाळून ओढून काढा. पहिला हात उभा, चार तासांनी दुसरा आडवा. गडद लाल आणि पिवळा दोन हातांत झाकत नाहीत. खालचं पांढरं डोकावत असेल तर तिसरा हात द्या, भिंतीलाही तो लागणारच आहे आणि हिशेबही त्यानुसार बदलेल.

रंग काठापर्यंत न्या, पांढरी चौकट ठेवू नका. ओला रंग पाहून निर्णय नको. इमल्शन वाळताना सहसा गडद होतं, 24 तासांनी बघा. कार्डं एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवलीत तर ताजा थर चिकटून सोलला जाईल. मध्ये बटर पेपर घाला.

नागपुरात वेळ निवडावी लागते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना दुपारी रोलर फिरवला तर एक पट्टा संपण्याआधी आधीचा वाळतो आणि जोडाच्या रेघा उठतात. सकाळी आठच्या आत करा, पंखा बंद ठेवून. श्रावणात उलट गोष्ट. वरून वाळलेला वाटतो, आत ओल असते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्या.

कार्ड कसं बघायचं

टेबलावर आडवं ठेवून नाही. भिंतीला उभं लावा, कारण आडव्या कार्डावर छताचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. जुना रंग गडद असेल तर कार्डाच्या मागे वीतभर मोठा पांढरा कागद चिकटवा. त्याच शेडची दोन कार्डं करून खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात लावा. घडीतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद दिसेल. पूर्ण खोली रंगल्यावर जे दिसेल ते या घडीच्या जवळ जातं. हा खेळ शेडकार्डाने होत नाही, भिंतीवरच्या पट्ट्यानेही नाही.

सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून बघा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत राखाडी आणि निळे रंग थंड होतात, 3000 च्या पिवळसर दिव्यात क्रीम अधिक पिवळा होतो. नागपूरकरांनी आणखी एक फेरी करावी: पडदे ओढून, कूलरच्या खिडकीत वाळ्याच्या ताट्या बसवलेल्या असताना. एप्रिल ते जून आपण भर दुपारी ट्यूबच्याच उजेडात बसतो. खिडकीबाहेर कडुनिंब असेल तर दिवसाच्या उजेडाला हिरवट छटा असते, गुलाबी शेड तिथे मळकी वाटू शकते. उत्तरेची खोली कायम सावलीत, हे गृहीतही इथे पूर्ण खरं नाही. नागपूर सुमारे 21.15 अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे उत्तरेकडे झुकलेला असतो.

मोबाइलवरचं ॲप कोणती भिंत गडद ठेवायची एवढं ठरवायला चांगलं. शेड ठरवायला नाही. कॅमेरा उजेडानुसार रंग आपोआप बदलतो आणि प्रत्येक स्क्रीन वेगळी.

कुणी काय निवडावं

भाड्याचं घर, एकच खोली किंवा नुसतं छत पांढरं करायचं असेल तर शेडकार्ड पुरे. पुट्टी-प्रायमर नव्याने होणार असेल आणि एकाच भिंतीला गडद रंग द्यायचा असेल, तर त्याच भिंतीवर पट्टा मारा. तीन-चार खोल्या, ऑफ-व्हाइट किंवा राखाडी शेड, घरात मतभेद, यांपैकी काहीही असेल तर दोन-तीन दिवस कार्डांना द्या. ऑफ-व्हाइटला तर नक्कीच, कारण त्यात झाकेशिवाय दुसरं काही नसतंच.

बाहेरच्या भिंतीला कार्ड चालत नाही. उन्हात प्रत्येक शेड आतल्यापेक्षा फिकी दिसते. तिथे 3 बाय 3 फुटांचा पट्टा मारून 20 फुटांवरून, सकाळी आणि टळटळीत दुपारी बघा. पश्चिमेची भिंत सोडू नका.

शेड ठरली की कार्डाच्या मागे कंपनी, प्रकार, कोड, चमक, पाण्याचं प्रमाण, हात किती आणि तारीख लिहा. डब्यावर मशीनचं स्टिकर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी कूलरच्या पाण्याने भिंतीचा कोपरा सुटला, की दुरुस्तीसाठी लिटरभर रंग त्यावरूनच मागता येतो.